नखाखालची लाली

कापूस अंगावर बसतो, हे अमरावतीत येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. कोकणात आमच्या घरी कापड होतं, दोरे होते, चिंध्यांची तर बोचकी होती, कारण वडील शिंपी. पण कापूस असा उघडा, हवेत तरंगणारा मी कधी पाहिला नव्हता. सातासमुद्रांपलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या बोंडाला असा भाव आला होता की ज्यानं त्यानं ज्वारी मोडून कापूस पेरला होता. परकोटाच्या वेशीपासून गाड्यांची रांग लागायची ती पार नजरेआड जायची. दोन्ही बाजूंच्या बाभळी गाड्यांमधला कापूस ओरबाडून घ्यायच्या आणि म्हाताऱ्या फकिरांसारख्या पांढऱ्या दाढ्या सोडून उभ्या राहायच्या. भुवयांवर कापूस, भाकरीवर कापूस, वरणात कापूस. मी पहिल्या दिवशी वरणातला तंतू बोटानं काढत बसलो तेव्हा जिच्या घरी उतरलो होतो ती सगुणामाय म्हणाली, "काढ बापू, नाई तं पोटात गादी व्हईल." सगळे हसले. मी मात्र रात्री पोटावर हात ठेवून बराच वेळ जागा होतो. तेव्हा मी तसाच होतो. कुणी थट्टेत सांगितलेलंही मला खरं वाटायचं, आणि वाईट असलं तर दुप्पट खरं.

शाळा मी अर्धवट सोडली. वडिलांना सुईचं नेढं दिसेनासं झालं, मग घरात कमावणारं दुसरं माणूस हवंच. मामाच्या ओळखीनं अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करणारा म्हणून माझी वर्णी लागली. मला रक्त पाहून घेरी यायची. पण टाके सुबक घालता येतात एवढंच पाहून डॉक्टर विनायकरावांनी मला ठेवून घेतलं. हे विनायकराव मुंबईत शिकलेले, उंच, किडकिडीत, हात धुण्याचा भारी सोस असलेले गृहस्थ. त्यांनी मला एकदाही 'तू किती शिकलास' असं विचारलं नाही. संध्याकाळी दवाखाना आवरला की ओसरीवर बसवून ते मला माणसाचं शरीर शिकवीत, जणू मी मुंबईच्या कॉलेजातून रजेवर आलो आहे. त्यांचे उपकार मोजायला बसलो तर हे पुस्तक त्यांच्यावरच संपेल, म्हणून पुढे जातो.

राहायला मी परकोटाबाहेरच्या मळ्यात होतो. मळा रावजीबुवा माळ्यांचा. सगुणामाय ही त्यांची बायको आणि किसन हा एकुलता मुलगा, माझ्याहून थोडा मोठा, तालमीत घुमलेला आणि दिवसभर कुणाची ना कुणाची फिरकी घेणारा. मी परक्या जातीचा, परक्या मुलखाचा. पंक्तीचं कसं करायचं हा प्रश्न मायनं पहिल्याच संध्याकाळी निकाली काढला. "सुईदोऱ्याचं लेकरू हाय. जोडनाऱ्याचा विटाळ नसते," असं म्हणून तिनं माझ्यापुढे कळण्याची भाकर, अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा ठेवला. त्या ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून जे पाणी आलं त्यात थोडं घरच्या आठवणीचंही मिसळलं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे मला त्या ठेच्याची अशी सवय लागली की आज दात नसतानाही नातसून माझ्यासाठी वेगळा वाटते. पहाटे मोटेच्या चाकाची कुरकुर सुरू व्हायची. पाणी थारोळ्यात आदळल्याचा आवाज झाला की किसन बैलांना शिव्या देत मागे आणायचा, आणि मग पाटातून वांग्यांकडे, मिरच्यांकडे, गुलाबांकडे पाणी निघायचं. मी डोळे न उघडता ते कुठवर पोचलं ते ओळखायचो.

रावजीबुवा कलमं बांधण्यात नावाजलेले. अचलपूरपासून माणसं त्यांना न्यायला यायची. गावठी गुलाबाच्या फांदीवर चांगल्या गुलाबाचा डोळा बसवायचा, आंब्याच्या रोपाला जातिवंत आंब्याची फांदी भेटवायची, वर केळीच्या सोपटाचं ओलं सूत गच्च आवळायचं आणि माती-शेणाचा लेप द्यायचा. मला त्यांनी गुलाब बांधायला शिकवलं होतं. माझ्या गाठी त्यांना आवडायच्या. पण त्यांचा एक दंडक होता, आणि तो त्यांच्या बापाचा, आज्याचा होता: एकदा बांधलेलं कलम फुटवा येईपर्यंत उघडून पाहायचं नाही. मला सारखं वाटायचं, जरा सोडून पाहावं, आत कुजलं तर नाही ना. एकदा त्यांनी माझा हात गाठीवर पाहिला आणि नुसतं म्हणाले, "कोकन्या, तुह्या पाहन्यानं ते मरते." मी हात काढून घेतला.

त्याच हिवाळ्यात अकोल्यातला कापसाचा कुणी गोरा अडत्या आपल्या देशी परत निघाला. कापसाचा तंतू किती लांब, किती पिळाचा हे पाहायला त्याच्याकडे पितळी सूक्ष्मदर्शक होता. विनायकरावांनी तो विकत घेतला आणि आणायला मला पाठवलं. येताना तो मी रजईत गुंडाळून, मांडीवर घेऊन दमणीत बसलो. आगगाडीसाठी मातीचे भराव पडत होते, पण आमच्या वाटेला अजून खड्डेच. मूर्तिजापूरच्या पुढे चाक एका घळीत असं आदळलं की मी ओरडलो, गाडीवान मागे वळून म्हणाला, "लेकरू हाय का त्याच्यात?" मी हो म्हटलं. मग मात्र त्यानं उरलेली वाट बैलांना पावलापावलानं नेलं, आणि मला खरं सांगायची हिंमत शेवटपर्यंत झाली नाही.

तो सूक्ष्मदर्शक एका रविवारी डॉक्टर मळ्यात घेऊन आले. उजेड तिथे मोकळा होता, आणि मला वाटतं, मायच्या हातचे रोडगे आणि वांग्याची भाजी हेही कारण होतंच. आधी त्यांनी कापसाचा एकच तंतू काचेवर ठेवला. मी डोळा लावला. चपटी, पीळ पडलेली, रिकामी फीत. "हा सगळा मिळून एकच कण आहे, दामू," डॉक्टर म्हणाले. "बियाच्या सालीवरचा एकच कण लांबत गेलेला. जिवंत होता तेव्हा आत रस होता. आता नुसतं घर उरलं आहे." आज नातवाच्या पुस्तकात त्याला पेशी म्हणतात, तेव्हा डॉक्टर कण म्हणत, कधी कोठडी म्हणत. मी वेशीकडे पाहिलं. ती गाड्यांची रांग, ती लढाई, ते भाव सांगणारं तारायंत्र, सगळं त्या एवढ्याशा वाळलेल्या घरापायी चाललं होतं.

मग त्यांनी कांद्याचा पापुद्रा ठेवला आणि बुवांना बोलावलं. बुवांनी पागोटं काढलं, एक डोळा मिटला, बराच वेळ पाहिलं.

"हे तं वाफे हायेत," ते म्हणाले. "कोनाचा मळा हाय हा?"

डॉक्टर एवढे खूश झालेले मी पुन्हा पाहिले नाहीत. खरंच वाफेच होते. बांध घालून आखलेले, एकाला एक लागून. डॉक्टरांनी चमच्याच्या दांड्यानं आपल्या गालाची आतली बाजू हळूच खरवडली, थेंबभर पाण्यात कालवून तीही दाखवली. तिथेही वाफे, फक्त वेडेवाकडे, सुटे. "मधात एकेक बी हाय, पेरल्यावानी," बुवा म्हणाले. मग माझ्या बोटाला सुई टोचून रक्त पाहिलं. तांबूस चपट्या टिकल्या, मसुरीच्या डाळीसारख्या. बुवांनी पुन्हा डोळा लावला आणि विचारलं, "याइले बी काहून नाई?" विनायकराव हसले. ते मलाही अजून कुणी सांगितलं नाही, म्हणाले.

त्या दिवशी रोडगे खाता खाता त्यांनी आम्हाला सगळं शरीर उलगडून दाखवलं. मी शिंप्याचा मुलगा, म्हणून आधी माझ्या भाषेत: कण म्हणजे तंतू, एका जातीचे, एका कामाचे कण एकत्र आले की त्यांचं कापड होतं. कापडं मुळात चारच तऱ्हेची. एक झाकणारं, जसं कातडं. एक ओढणारं, म्हणजे मांस. एक निरोप नेणारं, त्याच्या तारा मेंदूपासून बोटांच्या टोकांपर्यंत गेलेल्या. आणि चौथं या सगळ्यांना धरून, सांधून ठेवणारं. अशी निरनिराळी कापडं बेतून शिवली की हृदय, फुप्फुस, जठर तयार होतं. आणि असे अवयव एका धंद्याला लागले की त्यांचा एक कारभार. अन्नाचा कारभार वेगळा, श्वासाचा वेगळा, रक्ताचा वेगळा. पण एकाला दुसऱ्याशिवाय दिवस काढता येत नाही. मग बुवांच्या भाषेत: प्रत्येक वाफ्याला पाणी पोचलं पाहिजे. हृदय ही मोट. जायचा पाट वेगळा, यायचा पाट वेगळा. त्यांनी माझं नख दाबलं, ते पांढरं पडलं; सोडलं, लाली परत आली. "पाणी चालू आहे," डॉक्टर म्हणाले. किसननं लगेच मायचं नख दाबलं, मायनं त्याला चापट दिली.

आता जे सांगायचं आहे ते त्यानंतर फार दिवसांनी नाही. गावात एका व्यापाऱ्याच्या आवारात कापूस दाबून गठाणी बांधायचा मोठा पेच बसला होता, आणि ताकदीच्या माणसांना तिथे मागणी होती. किसन मळा सोडून तिथे जाऊ लागला होता. बुवांना ते आवडत नव्हतं. गठाणीला लोखंडी पट्टी आवळताना ती सुटली आणि किसनच्या उजव्या हाताच्या तीन बोटांवरून गेली. बोटं तुटली नाहीत, पण लोंबायला लागली. डॉक्टर तेव्हा अचलपूरला गेले होते. मी दवाखान्यात एकटा होतो, एका तापाच्या रोग्याजवळ रात्री तिथेच राहिलो. किसनला कुणी दवाखान्यात आणलंच नाही. सरकारी दवाखान्यात गेलेला हात परत येत नाही, असा गावात समज होता. त्याला मळ्यात नेलं आणि बुवांनी त्यांना येत होतं ते केलं. काप स्वच्छ पुसला, बोटं नीट काठाला काठ लावून बसवली, केळीच्या सोपटाच्या ओल्या सुतानं गच्च बांधली, वर माती-शेण लिंपलं. कलम बांधलं.

मी सकाळी घरी आलो तेव्हा माय चुलीपुढे हसऱ्या चेहऱ्यानं बसली होती. रात्रभर लेकरू तळमळलं, म्हणाली, पण पहाटेपासून दुखायचं थांबलं. किसन भिंतीला टेकून होता. लेपातून बोटांची टोकं तेवढी बाहेर होती, आणि ती वांग्याच्या रंगाची झाली होती.

मी नख दाबलं. पांढरं पडलं. मी वाट पाहिली. मनात भलतेसलते विचार आले तेवढ्यात, पण लाली येईना. आली ती फार उशिरा, कडेकडेनं, आणि करंगळीला आलीच नाही. टोकं गार होती. रात्रीतून हात सुजत गेला होता आणि बांध होता तिथेच राहिला होता. दुखायचं थांबलं म्हणजे तार मुकी झाली होती. मला एवढं कळलं, पण ते कळणारा त्या घरात मी एकटाच होतो आणि माझं कुणी का ऐकावं?

बुवा मळ्यात मिरच्यांना पाणी देत होते. मी म्हटलं, "बुवा, हात उघडायला हवा."

त्यांनी फावड्यानं एका वाफ्याचं तोंड बुजवलं, दुसऱ्याचं उघडलं. "कलम उघडत नाई."

"ते कलम नाही, बुवा."

"जोडलं हाय तं कलमच हाय. दुखनं थांबलं. धरून राहिलं ते." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "एकुलता हाय तो माह्या. पाहन्यानं मारू काय त्याले?"

मी परत फिरलो असतो. माझ्या स्वभावाचा माणूस अशा वेळी परतच फिरतो; उघडलं आणि रक्त थांबलं नाही तर, बोटं खाली पडली तर, डॉक्टरांनी हाकलून दिलं तर, हे सगळं चार पावलांत माझ्या मनात येऊन गेलं होतं. पण झोपडीच्या कुडाला बुवांचं सुताचं भेंडोळं टांगलेलं होतं. मी ते काढलं, पाण्यात बुडवलं आणि माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला गुलाबाला बांधतात तसं, एकावर एक वेढे देत, दातांनी ओढून गच्च आवळलं. मग बुवांशेजारी बांधावर येऊन बसलो.

"तुम्ही शिकवलंत तसंच बांधलंय. किसनचं सुटेल तेव्हा माझं सोडीन."

"येडा झाला का बे?"

ते पाणी देत राहिले. माझं बोट आधी लाल झालं, मग ठणकायला लागलं, मग फुगलं. माय आली, तिनं पाहिलं, बुवांवर ओरडली, माझ्यावर ओरडली, सूत सोडायला धावली. मी हात पाठीमागे घेतला. बोट निळं पडू लागलं तेव्हा बुवांनी फावडं टेकवलं.

मी म्हटलं, "झाडाचं पाणी वर चढतं आणि पानांवाटे उडून जातं. माणसाचं परत यावं लागतं. जायचा पाट खोल असतो, तो चालू राहिला. यायचा वरवरचा, तो तुमच्या बांधानं दाबला. वाफ्यात पाणी येत राहिलं आणि निघालंच नाही, तर काय होतं, बुवा?"

"चिबडते," ते म्हणाले. तो त्यांचा रोजचा शब्द. काळ्या मातीत पाणी तुंबलं की रोप उभ्या उभ्या कुजतं.

"आणि त्या कांद्यात पाहिलेत तसेच वाफे आहेत त्याच्या बोटांत."

त्यांनी माझं बोट हातात घेतलं. त्यांचा अंगठा चिखलानं थंडगार होता. नख दाबलं, सोडलं आणि वाट पाहत राहिले. पाट तसाच वाहत होता; त्यांच्या हयातीत मिरच्यांचा वाफा पहिल्यांदाच फुटून पाणी वाटेवर आलं असेल, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मग ते उठून आत गेले. किसनचं नख दाबताना मी त्यांना दारातून पाहिलं. वाकलेले, एक डोळा मिटलेला, सूक्ष्मदर्शकात पाहावं तसे.

"पानी तापव," ते मायला म्हणाले, आणि कमरेचा कलमाचा चाकू काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "माह्या हात नाई चालत उघडाले."

चाकू उकळत्या पाण्यातून काढला आणि मी लेप फोडला, एकेक वेढा कापला. मिठाच्या कोमट पाण्यानं शेण धुऊन काढलं. थोडं काळपट रक्त आलं, मग तांबडं आलं. मी दवाखान्यातला स्वच्छ कापूस लावला, फळीचा आधार दिला, आणि डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं सैल, फक्त धरून राहील एवढं बांधलं. बोटं जागेवर राहिली. मग बराच वेळ काही झालं नाही, आणि मग एकदम किसन किंचाळला. त्यानं माझा, माझ्या बापाचा, माझ्या कोकणाचा आणि तिथल्या तमाम मासळीचा उद्धार केला. कुणाच्या तोंडच्या शिव्या ऐकून मला इतका आनंद झाल्याचं आठवत नाही. तार जुळली होती. माय पदरात तोंड घालून रडत होती, हसत होती, ते कळत नव्हतं, आणि बुवा माझ्या बोटाचं सूत नखानं उकलत होते, कारण माझ्या हातांना आता ती साधी गाठ सुटत नव्हती.

डॉक्टर आले तेव्हा आम्हा दोघांनाही ओरडा बसला. बुवांना शेणासाठी आणि मला अचलपूरला स्वार धाडला नाही म्हणून. करंगळीचं वरचं पेर वाचलं नाही, ते त्यांना काढावं लागलं. बुवांनी ते मळ्याच्या कडेला पुरलं आणि त्या जागी पुढे कधी काही लावलं नाही. पण बाकीची दोन बोटं हळूहळू धरू लागली. डॉक्टर पट्टी बदलताना म्हणाले, काठ फार छान बसवले होते हो, बुवा. बुवा म्हणाले, "म्या काय केलं? जवळ ठेवले. जुळाचं तं त्याइचं त्याइलेच माहीत." "ते तसंच असतं," डॉक्टर म्हणाले, "जखमेच्या कडेचा एकेक कण दुभंगून दोन होतो, दोनाचे चार, आणि ते मधली फट भरत येतात. आपण फक्त वाटेतून बाजूला व्हायचं." किसन पुन्हा मोट हाकू लागला. तो पेचाकडे गेला नाही, आणि साडेचार बोटांनी मला मारलेले त्याचे धपाटे पूर्वीइतकेच जोरदार असत.

त्या घराला मात्र तेव्हापासून एक खोड लागली. बुवा येईल त्याचं नख दाबून पाहायचे. वांगी न्यायला आलेल्या बायांचं, कलमं मागायला आलेल्या पाटलांचं. एकदा बैलाच्या खुराशीही बराच वेळ बसले आणि नाद सोडून उठले. माझं तर रोज, जेवायला बसण्याआधी. लाली आली की माय भाकर वाढायची. परक्या गावात आपल्या अंगात रक्त फिरतं आहे की नाही याची रोज कुणी तरी खात्री करून घेतं, ही गोष्ट माझ्यासारख्या भित्र्याला किती पुरली ते मी सांगू शकत नाही. आता या वयात माझं मीच दाबून पाहतो. वेळ लागतो, पण येते.

पुढे डॉक्टरांनी मला अकोल्याच्या दवाखान्यात बढतीवर पाठवलं. दमणी दाराशी आली. मायनं फडक्यात रोडगे बांधून दिले, ठेच्याची वाटी वेगळी दिली, आणि वाटेत कापूस झटकून खा म्हणाली. किसन बैलांना उगाच शिव्या देत होता. मी बुवांच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही. माझा डावा हात धरला, मधल्या बोटाचं नख दाबलं, सोडलं आणि एक डोळा मिटून पाहत राहिले.

"पानी चालू हाय," ते म्हणाले. "जाय."